डासांचं औषध

पर्यावरण दिन आला की मतीनला मळमळायचं. पाटोद्याजवळच्या माळावर पवनचक्क्यांच्या कंपनीत वर्षभर जी घाण चालायची ती चालायचीच, पण या एका दिवशी तीच माणसं हिरव्या टोप्या घालून निसर्गाच्या नावानं गळे काढायची. ते त्याच्यानं बघवत नव्हतं.

यंदा तर कहर होता. पंख्याच्या गिअरबॉक्समधलं जळकं तेल पिंपात भरून परत पाठवायचं, असा नियम. पण पिंपं हलवायची कोणी? सुपरवायझर अमरसिंहनं सोपी वाट काढली. तेल सरळ माळावरच्या तळ्यात! खालच्या वस्तीवरच्या मुक्ताबाईच्या शेळ्यांना पाणी प्यायला तेवढं एकच तळं.

"साहेब, जनावरं पितेत हितं," मतीन पहिल्याच वेळी बोलला होता.

"डास मरतेत त्यानं," अमरसिंह दात कोरत म्हणाला. "कोणी इच्यारलं तर औषध टाकलं म्हणायचं बे."

डबक्यावर जळकं तेल टाकायची जुनी रीत सगळ्यांनाच ठाऊक, त्यामुळं थाप बिनबोभाट खपली. मतीनची नोकरी ठेक्यावरची. त्यानं मुकाट्यानं डबे ओतले. साबणानं कितीही घासलं तरी हाताचा वास जाईना, आणि त्या हातानं भाकरी मोडायची त्याला किळस यायची.

पुण्याहून साहेब आले, रोपं लागली, भाषण झालं. मग अमरसिंहनं मुक्ताबाईला पुढं ओढून तिच्या अंगावर शाल घातली. "आम्ही यांच्या तळ्यात डासांचं औषध टाकतो, साहेब. फुकट!" टाळ्या पडल्या. हा मेला थुंकायच्याही लायकीचा नव्हता.

मुक्ताबाईनं हात जोडले. "लई उपकार झाले. एक इनंती हाय, बाबा. आमच्या प्यायच्या हिरीतबी थोडं टाका. तितं लई डास झालेत."

"टाकू की, मावशी!" अमरसिंह हसला. "मतीन, आजच दोन डबे घेऊन जा."

मतीननं डोक्यावरची हिरवी टोपी काढून खाली फेकली.

"मावशी, औषध न्हाई ते. पंख्यातलं जळकं तेल हाय. हिरीत कुणाला टाकू देऊ नका. तळ्यात मीच वतलंय."

अमरसिंहचं तोंड काळंठिक्कर पडलं. पुण्याचे साहेब व्हिडिओवाल्याकडं वळले आणि म्हणाले, "एवढं काढून टाका." मतीनकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मुक्ताबाई मात्र मतीनजवळ आली. "मंग माझ्या दोन शेळ्या गाभडल्या, पोटातच पिल्लं मेली, ते नजरंनं न्हाई व्हय रं?"

मतीननं होकारार्थी मान हलवली.

"म्या जावंला चेटकीण म्हणलं. साऱ्या वस्तीदेखत," ती पुटपुटली.

तिनं शाल खुर्चीवर टाकली आणि जावेच्या घराकडं चालू लागली.