शहाडच्या पुलाजवळचा स्टॉप

"फी वाढली असेल, पण मी नाही वाढवली," असं म्हणत जागृतीने समोरच्या गृहस्थांची पावती फाडली आणि पुढच्याला हात केला. जून महिन्यात शाळेच्या बसचं टेबल सांभाळायचं म्हणजे नुसता वैताग. कोणाला बस थेट सोसायटीच्या गेटात हवी, कोणाला खिडकीची जागा, आणि डिझेलचं नाव काढलं की सगळ्यांची तोंडं वाकडी.

पुढे आली ती एकटीच बाई होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी.

"शहाडच्या पुलाजवळचा स्टॉप बंद केलात?"

"तिथून यंदा एकही मूल नाही. मूल असेल तरच स्टॉप, नियमच आहे तसा. बस आता सरळ पुढे जाते. तुमचं कितवीत आहे?"

"चौथीत गेला असता. नयन."

जागृतीची मान झटकन वर झाली. अरे देवा, ही कृतिका! नयनची आई. एप्रिलमध्ये साध्या तापाचं निमित्त झालं आणि पोर गेलं. आपण कसल्या तोऱ्यात बोललो, या विचाराने जागृतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बसा ना ताई. पाणी देऊ?"

कृतिका बसली नाही.

"दहाव्याला कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, सुटला. पण शाळा सुरू झाल्यापासून रोज सकाळी तिथे येऊन उभा राहतो. दप्तर घेऊन. बस लांबून दिसली की पुढे होतो, आणि ती थांबतच नाही हो. मग माझ्याकडे बघत राहतो. नवऱ्याला सांगितलं, तर तो मलाच डॉक्टरकडे न्यायला निघालाय."

जागृतीच्या अंगावर काटा आला. रांगेतला एक जण घड्याळ दाखवू लागला, तेव्हा तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला.

"मी वर्षाची फी भरते," कृतिका म्हणाली. "पूर्ण. मग तरी थांबेल ना?"

अशा मुलासाठी नियम कुठून असणार? जागृतीने मुकाट्याने ड्रायव्हरला फोन लावला.

"नाथामामा, उद्यापासून शहाडच्या पुलाला थांबायचं. दार उघडायचं, जरा वेळाने लावायचं. अहो, कोणी चढो न चढो, थांबायचं. का ते नंतर सांगते."

पलीकडून काहीतरी विचारणा झाली. जागृतीने फोनवर हात ठेवला.

"ताई, फी राहू द्या. ते विचारतायत, दुपारी सोडताना पण थांबायचं ना?"

"नको!" कृतिका इतक्या घाईने म्हणाली की रांग तिच्याकडे बघू लागली. मग तिचा आवाज खाली आला. "फक्त न्यायला थांबा. एकदा गेला की राहू दे तिकडेच, पोरांमध्ये. दुपारी बस थांबली, तर मी त्याला घ्यायला जाईन हो."