लाल पट्टीवालीच्या हातातली कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. लोहाराच्या भट्टीत जन्मले आणि एका शिंप्याच्या हातात वाढले. तो मला रोज तेल लावायचा, आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायचा. तो गेल्यावर त्याच्या लेकीने मला आपल्याबरोबर कामावर नेलं. ती बायकांच्या तुरुंगात शिवण शिकवायची. सगळ्या तिला मास्तरीणबाई म्हणत. तिथे मला साखळीने टेबलाला बांधलं. मी मुकाट चादरी कापत राहिले.

मग अबोली आली. फार बोलायची नाही, म्हणून हे नाव. तिच्या बाहीवर लाल पट्टी होती. तुरुंगात येणाऱ्या प्रत्येक बाईला आधी प्रश्न विचारत. नवऱ्याने मारलं का? घरातून पळालीस का? झोप लागते का? त्यावरून कोण पुढे दंगा करणार, ते संगणक सांगायचा आणि त्या बाईला लाल पट्टी लागायची. अबोलीने सगळं खरं सांगितलं होतं.

"खरं बोलले, तेच नडलं बघा," ती एकदा मास्तरीणबाईंना म्हणाली.

लाल पट्टीवालीने मला हात लावायचा नाही. भेटीला आलेल्या लेकीलाही जवळ घ्यायचं नाही, काचेतूनच बघायचं. अबोलीने कधी कुणाच्या अरेला कारे केलं नाही, तरी पट्टी काही निघाली नाही. बिचारी दोरासुद्धा दातांनी तोडायची. ओठ फाटायचे.

लेकीचा वाढदिवस आला, तेव्हा मास्तरीणबाईंना राहवलं नाही. उरलेलं निळं कापड त्यांनी अबोलीपुढे ठेवलं आणि मला तिच्या हातात दिलं.

"काप. मी आहे ना."

"बाई, तुम्हाला बोलतील हो."

"बोलू देत."

किती हळुवार हात होता तो! फ्रॉक बेतताना ती चक्क गुणगुणत होती. एक बाही तेवढी कापायची राहिली आणि पहारेकरीण आत आली.

"लालवालीच्या हातात कात्री!" असं ओरडत तिने माझं पातंच धरून खेचलं.

"अहो ओढू नका, लागेल तुम्हाला!" अबोली म्हणेपर्यंत पहारेकरणीचा तळवा चिरला होता.

मास्तरीणबाई जीव तोडून सांगत होत्या, "हिने काही केलं नाही!" धावत आलेल्या अधीक्षकबाईंनी फक्त रक्त पाहिलं.

"संगणक म्हणालाच होता," त्या म्हणाल्या.

अबोलीला एकटीला कोठडीत टाकलं. भेटी बंद झाल्या. पुढच्या भेटीच्या दिवशी लेक आजीचं बोट धरून आली, तेव्हा मास्तरीणबाईच फाटकाशी गेल्या. परत आल्या त्या माझ्याजवळ बसून रडल्या. पोरीने त्यांना एवढंच विचारलं होतं, "आई माझ्यावर रागावली का?"

मित्रांनो, मला आता कपाटात कोंडलंय. पात्यांवर गंज चढलाय. त्याचं काही नाही, गंज घासला की निघतो. पण कुणाच्या हातात कात्री दिसली, तर ओरडू नका. जवळ जा आणि विचारा, "बाई, काय शिवतेस?"