इंका राजाची उत्तरपूजा

"खबरदार मोहन, राजाला खाली आणलंस तर!"

यमुनाकाकू पहिल्या रांगेतून अशा काही कडाडल्या की लंडनमधल्या हॅरोच्या त्या भाड्याच्या हॉलमध्ये जमलेलं सगळं मंडळ चिडीचूप झालं. मोहन टिपणिसांचा अंगठा रिमोटच्या बटणावर होता, तो तिथेच राहिला. स्टेजवर गणपतीच्या उजव्या हाताला सोनेरी चेहऱ्याचा इंका सम्राट उंच पालखीत बसला होता. त्याच्यासमोर पुठ्ठ्याच्या घोड्यावर स्पेनचा सरदार पिझारो तलवार उपसून तयार. आणि सीडीवर खुद्द टिपणिसांचाच आवाज घुमत होता : "बघता बघता सम्राटाला पालखीतून खाली खेचण्यात आलं!"

सम्राट मात्र वरच. जागचा हलला नाही.

"काकू, अहो, इतिहासात तसंच झालंय," टिपणीस काकुळतीला येऊन म्हणाले.

"झालं असेल. पण मी सकाळी त्याला हळदकुंकू वाहिलंय, अक्षता टाकल्यात, मोदकाचा नैवेद्य दाखवलाय. तूच म्हणालास ना, तो सूर्याचा मुलगा म्हणून? मग देवच झाला की! देवाला असं खेचतात होय रे, गणपतीच्या डोळ्यांदेखत?"

आता यमुनाकाकूंचं वय ब्याऐंशी. मंडळाचा पहिला गणपती त्यांच्याच दिवाणखान्यात बसला होता. त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. सगळे वळले रघुवीर गुरुजींकडे. गुरुजी एरवी इल्फर्डला चष्म्याच्या दुकानात असत, पण सोवळं नेसले की थेट शास्त्रच बोलायला लागत.

"इंकांबद्दल शास्त्रात काही सापडायचं नाही," गुरुजी विचार करून म्हणाले. "पण अक्षता पडल्यात म्हणजे... उत्तरपूजेपर्यंत मूर्ती हलवू नये, एवढं खरं."

झालं! पाच दिवसांचा गणपती, आणि पाचही दिवस राजा वरच बसणार. टिपणिसांनी सीडी बंद केली. लहान पोरांनी टाळ्या पिटल्या. "इंका वॉन! इंका वॉन!"

टिपणिसांच्या मात्र काळजाचं पाणी झालं. कारण हा देखावा शेवटचा होता.

माणूस तसा साधा. एका हॉस्पिटलच्या प्लास्टररूममध्ये मोडलेले हातपाय बांधण्यात उभा जन्म गेला. निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी एक घड्याळ दिलं, आणि नाव चुकीचं कोरलं म्हणून परतही घेतलं. पण गणपती आले की हाच माणूस निराळा व्हायचा. प्लास्टरच्या पट्ट्यांतून त्याने आजवर मावळे उभे केले, रावण उभा केला, अफजलखान तर इतक्यांदा मारला की खानाच्या पोटाला पॅच लावायची वेळ आली. आणि हे सगळं चालू असताना त्यांची बायको रेखा आतल्या किचनमध्ये मंडळाचा प्रसाद रांधत असायची. देखावा सुरू झाला की पुऱ्या तळायची वेळ व्हायची. त्यामुळे नवऱ्याचा एकही देखावा तिने कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. टाळ्या तेवढ्या ऐकल्या होत्या, त्याही तेलाच्या चरचरीतून.

मग मिल्टन कीन्सहून क्षितिज आला. आयटीवाला, हसतमुख, खिशात दोन फोन. त्याच्याबरोबर आणखी चार-पाच तसलेच. मोहनरावांनीच त्यांना चहा पाजला, किल्ल्या दाखवल्या, "आपलंच मंडळ समजा" म्हणाले. पोरांनी ते मनावर घेतलं! वर्षभरात वेबसाइट त्यांची, पावत्या त्यांच्या, कमिटी त्यांची.

"काका, या वर्षी थीम काहीतरी ग्लोबल हवी," क्षितिज म्हणाला होता. "इथली मुलं रिलेट करतील अशी. आणि नेक्स्ट इयरपासून ऑनेस्टली प्रोजेक्टरच आणू. स्टोरेजचा प्रॉब्लेम होतो हो."

टिपणीस त्या दिवशी लायब्ररीत जाऊन बसले आणि इंकांवरचं पुस्तक घेऊन आले. दक्षिण अमेरिकेच्या डोंगरातलं एवढंसं गाव, त्याचं शंभरेक वर्षांत केवढं साम्राज्य झालं! रस्ते, झुलते पूल, धान्याची कोठारं. चाक नाही, घोडा नाही, तरी सगळं जागच्या जागी. आणि मग समुद्रापलीकडून मूठभर पाहुणे आले. राजा बिचारा त्यांना भेटायला बिनहत्यारी लोक घेऊन पालखीत बसून गेला, आणि पाहुण्यांनी त्यालाच कोंडून ठेवला. खोलीभर सोनं घेतलं, वर मारूनही टाकला.

"हाच देखावा," टिपणीस रेखाला म्हणाले. "कळू दे त्या क्षितिजला."

क्षितिजला काडीचं कळलं नाही. "वॉव काका, सुपर थीम!" म्हणाला तो, आणि टिपणिसांचा टोमणा वाया गेला.

मग मात्र त्यांनी टोमणा सोडला आणि काम धरलं. सगळा उन्हाळा गॅरेजमध्ये. हॉस्पिटलने भंगारात काढलेल्या पलंगाची मोटर रीतसर विचारून आणली आणि पालखीखाली बसवली. साम्राज्य वाढेल तसा राजा वर चढणार, शेवटी खाली येणार. चढणं सोपं होतं. उतरताना मोटर हिसके द्यायची, राजा धाडकन आदळायचा. क्षितिजला तेच आवडलं होतं. "थड आवाज येऊ दे ना काका, ड्रामॅटिक!" टिपणिसांनी ऐकलं नाही. राजा म्हटल्यावर तो सावकाश उतरला पाहिजे. आणि ते उतरणं त्यांनी असं काही जमवलं होतं की काय सांगावं! एकदा, फक्त एकदा ते सगळ्यांनी बघावं, एवढीच इच्छा होती. आणि नेमकं तेच काकूंनी कुंकू लावून बंद पाडलं.

दुसऱ्या दिवशी क्षितिज घाईघाईने आला. "काका, पेरेंट्स कम्प्लेन करतायत. मुलं घरी सांगतायत इंका जिंकले म्हणून. वुई कान्ट चेंज हिस्ट्री!"

"मग जा, काकूंना सांग."

क्षितिज गेला. हातात दोन मोदक घेऊन, कपाळाला कुंकू लावून परत आला. इतिहासाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

चौथ्या दिवशी मात्र तो फारच गोड आवाजात बोलायला लागला. "काका, कमिटीने ठरवलंय. तुम्हाला मानद सल्लागार करायचं. शाल, श्रीफळ, पहिल्या रांगेत रिझर्व्ह्ड खुर्ची. तुम्ही नुसतं बसायचं."

टिपणीस जे हसत सुटले ते थांबेचनात. डोळ्यांतून पाणी आलं.

"काय झालं काका?"

"अरे, इंकांचे राजे मेले ना, तरी त्यांना पुरत नसत. सुकवून, नटवून ठेवायचे. सणाला खुर्चीवर आणून बसवायचे, समोर जेवण ठेवायचे, सल्लासुद्धा विचारायचे! उत्तर अर्थातच शेजारचा देणार." त्यांनी डोळे पुसले. "नको रे बाबा. पुढच्या वर्षी मी आपला सगळ्यांसारखा रांगेत उभा राहून बघेन. पण तुझा प्रोजेक्टर नीट लाव, डोकी मध्ये येतात."

क्षितिज पहिल्यांदाच हसायचं विसरला. "काका, आम्हाला तुम्हाला काढायचं नव्हतं."

"माहितीय रे," टिपणीस म्हणाले. आणि वाईट वाटायचं ते वाटलंच.

पाचव्या दिवशी उत्तरपूजा झाली. रघुवीर गुरुजींनी गणपतीची मूर्ती किंचित हलवली. मग इकडेतिकडे बघून, चेहरा अगदी गंभीर ठेवून, इंकाच्या पालखीलाही हलकेच धक्का दिला. "मोकळा झाला हो," ते टिपणिसांच्या कानात म्हणाले.

पण बघायला होतं कोण? ढोल वाजायला लागले आणि सगळं मंडळ बाप्पाला घेऊन पार्किंगमध्ये गेलं. तिथे मोठ्या पिंपात विसर्जन असायचं. यमुनाकाकूंची व्हीलचेअर क्षितिजच ढकलत होता. हॉल रिकामा झाला.

टिपणीस रिमोट हातात घेऊन उभे होते, तेवढ्यात किचनचं दार उघडलं. रेखा पदराला हात पुसत बाहेर आली.

"अहो, तुम्ही इथे काय करताय? आरती सुरू होईल तिकडे!"

"बस जरा," टिपणीस म्हणाले.

"पातेली घासायचीत अजून."

"राहू देत. बस."

त्यांच्या आवाजात काय होतं कोण जाणे, रेखा मुकाट्याने पहिल्या रांगेत बसली. टिपणिसांनी बटण दाबलं. मोटर गुणगुणली आणि सम्राट हळूहळू खाली येऊ लागला. मान ताठ, कपाळावर काकूंचं कुंकू, मांडीवर पाच दिवसांच्या अक्षता. एकही अक्षत घरंगळली नाही. पिझारोच्या घोड्यासमोरून तो खाली आला आणि जमिनीला टेकला.

रेखा खुर्चीत पुढे सरकून बघत होती. मग नाक ओढून म्हणाली, "छान आला हो खाली. धक्का नाही, काही नाही."

"जमलं ना?"

"जमलं." ती उठली नाही. बाहेर 'मोरया'चा गजर टिपेला पोचला होता. "पण मी आत्ता शेवटच बघितला. वर कसा गेला होता तो?"

टिपणिसांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग वरच्या बाणाच्या बटणावर अंगठा ठेवला.