नवं पॅकिंग

"केरबाभाऊ, ते जुनं परत नका बसवू."

गॅरेजच्या दारात केरबानं हातातलं पॅकिंग उजेडात धरलं. मोटारसायकलच्या सायलेन्सरचा पाईप इंजिनाला जिथं जोडतात, तिथली ती चपटी तांब्याची रिंग काजळीनं काळी झाली होती.

"वहिनी, गाडी आता तुमची हाय व्हय?" तो हसला. "पवननं इंजिनाचं काम सांगितलंय, म्हनून सायलेन्सर काढला. हे उलटं करून टाकतो. सीतारामला दर खेपेला असंच बसवून दिलं."

"म्हणून तर फटफट करते."

"करनारच. एकदा दाबून बसलं की ते त्या जागेचं व्हतं. काढून परत बसवा, कुटनं तरी धूर निसटतोच. सीतारामला लय सांगितलं. म्हनायचा, वाजू दे, घरी कळतं मी आलो ते."

शालूबाईनं पदर सावरला.

खरंच कळायचं. तिचा नवरा सीताराम कंपनीतून सुटला की फाट्यापासूनच गाडी ऐकू यायची. देवापाशी दिवा लावून ती त्या आवाजाची वाट बघायची, आणि तो आला की तवा ठेवायची. त्याच्याआधी जेवायचं नाही, हा तिचा नेम. कुणी घालून दिलेला नव्हता. आषाढात सीताराम गेला. गाडी दारात गंजत पडायला नको, म्हणून तिनं ती खालच्या आळीतल्या पवनला दिली. पवन त्याच कंपनीत, त्याच पाळीला, त्याच रस्त्यानं जाणारा. दिवेलागणीला फाट्यावर गाडी वाजायची, शालूबाईचा हात तव्याकडे जायचा, आणि गाडी दारावरून पुढं निघून जायची.

"मावशी, तुमी हितं?" पवन गाडी न्यायला आला होता.

"तुझ्या गाडीला नवं पॅकिंग घालायला सांगत्यात," केरबा म्हणाला.

"कशापायी?"

"मांजरीनं पिल्लं घातलीत माळ्यावर," शालूबाई म्हणाली. "आवाजाला भितात."

"आन सीतारामच्या टायमाला मांजर बहिरी व्हती का काय?"

केरबा आपल्याच बोलण्यावर हसला. शालूबाई खाली बघत राहिली. गुरुवारचा उपास धरून आपण खोटं बोललो, हे तिला टोचत होतं.

पवन मात्र हसला नाही. त्यानं एकदा गाडीकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. मग हलकेच म्हणाला, "घाल भाऊ नवं. मावशी, मी वरल्या रस्त्यानं बी जाईन. थोडा लांब पडतो, पर जाईन."

"नको रे. पावसानं किती खड्डे पडलेत तिकडं. आमच्या दारावरनंच जात जा." ती थांबली. "फक्त वाजायला नको."

"व्हय," पवन म्हणाला.

केरबानं नव्या पॅकिंगची पुडी फोडली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तिनं दिवा लावला, हात जोडले. परातीत पीठ कालवलं आणि उंबऱ्याशी येऊन बसली. कान द्यायचा नाही, असं ठरवूनही कान फाट्याकडेच होता. गाड्या येत होत्या, जात होत्या. मान वर करून तिनं एकही पाहिली नाही; सगळ्यांचा आवाज सारखाच. समोरच्या घरात दिवे लागले, कुकरच्या शिट्ट्या झाल्या. शेजारची सारिका वाळत घातलेले कपडे काढायला बाहेर आली.

"सारिका, पवन आला का गं कामावरनं?"

"मगाशीच की काकू. तुमच्या दारावरनंच तर गेला. तुमाला हात बी केला त्यानं."

"असं होय."

ती आत आली. तिला हवं होतं तसंच झालं होतं. आता जेवायचं कधी, हे कुणी सांगणार नव्हतं. आत्ताही चाललं असतं, घटकाभरानंही चाललं असतं. परातीतलं पीठ वरून वाळलं होतं. तिनं पाण्याचा हबका मारला आणि ते पुन्हा मळायला घेतलं. मळून झालं तरी ती मळतच राहिली.