अर्धेमामांची थकलेली छाती

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे, आणि तोही अर्धाच. डोकं आहे, छाती आहे, कमरेखाली काही नाही. वैद्यकीय महाविद्यालयातल्या सरावाच्या खोलीत एका चटईवर माझं आयुष्य गेलं. मुलं मला अर्धेमामा म्हणतात.

कारखान्यात साच्यातून काढल्यावर माझ्या छातीत जाड स्प्रिंग बसवली आणि खांद्यात दिवा. माणसाचं हृदय बंद पडलं तर छाती कशी दाबायची, हे माझ्यावर शिकायचं. दाब पुरेसा खोल गेला की दिवा हिरवा, कमी पडला की लाल. नवा होतो तेव्हा मी भल्याभल्यांना घाम फोडला. पुढे बॅचमागून बॅच आली. सगळ्यांनी माझ्या छातीवर जोर काढला, पण छाती उघडून आत कुणी डोकावलं नाही.

मग इथल्या मॅडमनी संशोधन हाती घेतलं. एकाच दिवशी घोटून घेतलेलं जास्त टिकतं, की दर आठवड्याला थोडं थोडं शिकलेलं? निम्मी मुलं दिवसभर राबून मोकळी झाली. उरलेली दर आठवड्याला येत राहिली आणि दर खेपेला त्यांचा हिरवा दिवा अधिकाधिक वेळा लागत गेला. मॅडमच्या पद्धतीची वाहवा झाली. त्यावरचा शोधनिबंध परिषदेत वाचायचं ठरलं. जाता येता लोक माझीही पाठ थोपटत. मी मात्र पार थकलो होतो.

एका दुपारी पाहुण्यांना दाखवण्यासाठी मॅडम स्वतः गुडघ्यांवर बसल्या. दोन-चारदा दाबलं आणि त्या थबकल्या. मग एकाच हातानं, हलकेच दाबलं. तरी दिवा हिरवा. पाहुणे गेल्यावरही त्या चटईवरून उठल्या नाहीत.

त्यांच्या हाताखालचे सर म्हणाले, "मॅडम, स्प्रिंग बदलून टाकू. निबंध जाऊ दे तसाच. कुणाला कळणार आहे?"

"मुलं शिकली नाहीत, सर. हा दमला, एवढंच झालंय," मॅडम म्हणाल्या. "उद्या खऱ्या माणसावर त्यांचे हात एवढेच दाबतील."

निबंध मागे घेतला गेला. मॅडमच्या पाठीमागे लोक हसले. मला नवी स्प्रिंग बसली आणि सगळ्या मुलांना परत बोलावलं. ती कुरकुरत आली. पहिल्या दिवशी लालच लाल. मॅडमनी कुणालाही हिरव्याशिवाय सोडलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी त्यांतली एक मुलगी वॉर्डातून थेट इथे आली आणि माझ्याशेजारी मटकन बसली. छाती दाबत असतानाच तिच्या हाताखाली एक आजोबा गेले होते. मागोमाग मॅडम आल्या.

"माझे हात कमी पडले का, मॅडम?"

मॅडम तिच्याजवळ बसल्या. "नाही, बाळा. आजोबांचं हृदयच फार थकलं होतं. तुझे हात कमी पडले नाहीत. हे मी तुला खात्रीनं सांगू शकते."

मग ती मुलगी रडली. इतका वेळ तिनं स्वतःला आवरून धरलं होतं.

मित्रांनो, ही स्प्रिंगही आता ढिली पडू लागली आहे. त्याचं मला दुःख नाही, झिजणं हे माझं कामच. फक्त मधूनमधून माझी छाती उघडून बघत जा. मी दमलो असेन तर तसं स्पष्ट म्हणा, आणि मला बाजूला ठेवा. खोटा हिरवा दिवा लावत पडून राहण्यापेक्षा अडगळीत धूळ खाणं मला चालेल.