घोड्याऐवजी खुर्ची

मी एक जुनी, घडीची, बुटकी खुर्ची आहे. मला पाठ नाही, म्हणून माझ्या पाठीमागे कोणी काही बोलूही शकत नाही! हसलात ना मित्रांनो? मग आता जरा सरसावून बसा.

माझा जन्म पाणीपुरवठ्याच्या कामगारांच्या वसाहतीत झाला. सुतारकाकांनी दाराच्या चौकटीतून उरलेल्या लाकडाचे माझे पाय केले आणि शिंपीणकाकूंनी जाड निळ्या कापडाची बैठक शिवली. हे सगळे चित्रकलेच्या बाईंसाठी. बाईंचे गुडघे फार कुरकुरत, उभ्याने चित्र काढणे त्यांना जमेना. तेव्हापासून जिथे बाई तिथे मी. त्यांच्या काखेत बसून मी बाजार, नदीकाठ, शाळेचे मैदान, सगळे पालथे घातले. खुर्चीसाठी माणसे भांडतात म्हणे. माझ्यासाठी कधीच कोणी भांडले नाही, कारण दमलेले माणूस दिसले की बाई स्वतःच उठत आणि म्हणत, "टेका जरा."

आमच्या चौकात एक दगडी कट्टा होता. भाजीवाली मावशी टोपली उतरवून त्यावर बसे, पंपावरचे निवृत्त आजोबा तिथे पेपर वाचत आणि शाळा सुटल्यावर मुलींच्या गप्पांना तर ऊतच येई. एक दिवस वसाहतीच्या अध्यक्षकाकांनी जाहीर केले, "कट्टा फोडायचा. तिथे भव्य पुतळा उभारायचा!"

"कोणाचा?" आजोबांनी विचारले.

"ते नंतर ठरवू. आधी घोडा ठरवू!"

बाई तेव्हा परदेशी, भाचीकडे निघाल्या होत्या. काका म्हणाले, "तिथले पुतळे नीट बघा आणि एक झकास चित्र काढून आणा. तुम्ही आलात की कट्ट्याला हातोडा."

मावशी हळूच बाईंना म्हणाली, "तुमची खुर्ची तुमच्या काखेत चालली, बाई. आमची जागा कोणाच्या काखेत मावणार?"

विमानात चढेपर्यंत बाईंनी मला जरा जास्तच घट्ट धरले होते.

काय सांगू तुम्हाला त्या शहराची ऐट! रस्ते आरशासारखे, इमारती काचेच्या आणि जमिनीखालून आगगाड्या सुळसुळ धावत होत्या. बाई तर लहान मुलीसारख्या सरकत्या जिन्यावरून दोनदा वर-खाली करून आल्या! मग आम्ही मोठ्या चौकात गेलो. उंच चौथऱ्यावर घोडा, घोड्यावर मिशाळ सरदार आणि खाली चार माणसे गुडघे टेकून, मान वाकवून बसलेली. भोवती टोकदार लोखंडी कुंपण.

बाईंनी मला उघडले आणि पेन्सिल काढली. भाची सांगू लागली, "आत्या, तेव्हा हा देश या सरदाराच्या लोकांची वसाहत होता."

"अगंबाई, वसाहत? आपल्यासारखी? मग पाण्याची वेळ काय होती?"

भाची पोट धरून हसली. "तशी नाही गं! हे जहाजातून आले, राहिले आणि मालक होऊन बसले."

"आणि आधीपासून राहणारे?"

भाचीने त्या गुडघे टेकलेल्या चौघांकडे बोट दाखवले. ती आता हसत नव्हती. बाईंची पेन्सिलही थांबली.

तेवढ्यात पुतळा धुणारी बाई बादली घेऊन कुंपणाबाहेर आली. घामाघूम झालेली. आमच्या बाई लगेच उठल्या आणि मला पुढे सरकवून आपल्याच मराठीत म्हणाल्या, "टेका जरा." अर्थ कळायला भाषा लागली नाही. ती बसली आणि डोळे मिटून तिने मोठा श्वास सोडला. मग भाचीला काहीतरी सांगू लागली.

"आत्या, ती म्हणते, घोडा मी शेवटी धुते. आधी या चौघांचे चेहरे पुसते. त्यातल्या एकाचं नाक अगदी तिच्या वडिलांसारखं आहे. आणि म्हणते, इतकी वर्षं इथे काम करतेय, पण या चौकात आज पहिल्यांदा कोणी बसायला दिलं."

बाईंनी सगळीकडे नजर फिरवली. खरेच, एवढ्या देखण्या चौकात बूड टेकायला जागा नव्हती! "प्रगती आहे गं, कबूल," त्या म्हणाल्या. "पण माणसाने बसायचं कुठे?" मग त्यांनी वहीचे नवे पान उघडले.

परत आल्यावर चौकात सगळे जमले. बाईंनी चित्र उलगडले. घोडा नाही, तलवार नाही. आहे तो कट्टा तसाच, आणि त्याच्याभोवती दगडात घडवलेल्या बुटक्या, बिनपाठीच्या खुर्च्या. मित्रांनो, ती मी होते! मी!

"खुर्ची?" काका ओरडले. "लोक म्हणतील, अध्यक्षाने स्वतःच्या खुर्चीचाच पुतळा उभारला!"

"त्यावर आम्ही बसलो, की कोणी म्हणणार नाही," मावशी म्हणाली.

असा हशा पिकला, की काकाही विरघळले. तरी त्यांनी घोड्याबद्दल एकदा आशेने विचारलेच. तेव्हा बाई म्हणाल्या, "काका, तिकडेही एक वसाहत होती. तिथे आधीच्या माणसांना कोणी विचारलं नव्हतं. आपण आपल्यांना विचारू या?" काकांनी सगळ्यांना विचारले. कट्टा वाचला आणि त्याच्याभोवती दगडी खुर्च्याही आल्या.

आता माझे निळे कापड विरले आहे आणि एक पाय लटपटतो. मी गॅलरीत घडी होऊन असते. बाई दगडी खुर्चीवर बसायला जातात, तेव्हा मला थोडा हेवा वाटतो, खोटे कशाला बोलू? पण त्यांनी त्या खुर्च्यांचा फोटो भाचीकरवी पुतळा धुणाऱ्या बाईला पाठवला आणि तिचे उत्तर मला मोठ्याने वाचून दाखवले: "एक माझ्यासाठी ठेवा."

म्हणून मित्रांनो, आमच्या चौकात एखादी खुर्ची रिकामी दिसली, तर तिच्यावर दप्तर टाकू नका. कोणीतरी लांबून, दमून येत असेल.