मागच्या जिन्याचं कुलूप

मुलुंडच्या त्या शाळेत आगीची कवायत वर्षातून एकदाच व्हायची, तीही तारीख सांगून. चौथीच्या मालनबाईंना हा निव्वळ पोरखेळ वाटे. १९८६च्या जानेवारीत त्यांनी अर्ज दिला, की कवायत दर महिन्याला आणि न सांगता घ्यावी. मग पोर्शन कोण पुरा करणार, असं म्हणून हेडमास्तर परब सरांनी तो बाजूला सारला. बाईंची नोकरी तात्पुरती होती, आणि एप्रिलमध्ये त्यांना कायम करायचं की नाही हे सरांच्याच हातात. शहाणं माणूस गप्प बसलं असतं. बाई तेवढ्या शहाण्या नव्हत्या.

मंगळवारी तिसऱ्या तासाला त्यांनी फळ्याकडे पाठ केली आणि सांगितलं, "आग लागली. मागचा जिना."

बावन्न पोरं दप्तरं सोडून ओळीत निघाली. बाई सगळ्यांत मागे. पोरं दोन मजले भराभर उतरली आणि तळाच्या अंधारात ओळ थांबली. दाराला कुलूप होतं.

आग खोटी आहे हे फक्त त्यांनाच माहीत होतं. ओळ मोडायची नाही, मागे वळायचं नाही, असं त्यांनीच घोकून घेतलेलं. पोरं तशीच उभी राहिली. कुणी रडेनासुद्धा, आणि तेच बाईंना सहन होईना.

पुढून सुगंधा नावाच्या पोरीचा बारीक आवाज आला. "बाई, ह्याच्यापुढचं शिकवलं नाही आम्हाला."

बाईंनी आग नसल्याचं पोरांना सांगितलं, पण वर नेलं नाही. एका मुलीला धाडून सरांना बोलावलं. सर तणतणत आले, कुणाला विचारून हा तमाशा म्हणाले, नोकरीचीही आठवण करून दिली.

"आधी किल्ली मागवा, सर," बाई म्हणाल्या. "मी घड्याळ बघते."

किल्ली शिपाई गुणाजीच्या कमरेला, आणि गुणाजी पोस्टात गेलेला. पोरं जिन्यावर उभीच. सरही आता बाईंच्या घड्याळाकडे बघू लागले. गुणाजी धापा टाकत आला तेव्हा अकरा मिनिटं झाली होती.

"आधी सांगूक नको, सर?" तो कळवळून म्हणाला. "दर वर्षी सकाळीच काढून ठेवतंय ना कुलूप."

कवायत दर वर्षी इतकी चोख कशी होते, ते सरांना आज कळलं. त्यांनी कुलूप हातात घेतलं, ओळीकडे बघितलं आणि ते खिशात टाकलं.

"पुढची कवायत कधी?" त्यांनी हळूच विचारलं.

"ते सांगणार नाही, सर."